चुकणं, हुकणं, मुकणं आणि 'मिस करणं'

'इंडियाला फार मिस करतो हो!' हे वाक्य कधीच उच्चारलं गेलं नाही असं मराठी घर अमेरिकेत सापडणं कठीण. गणपतीत ते ऐकू येतं, दिवाळीत येतं, आणि बाहेर बर्फ पडत असताना कोणी कांदाभज्यांचा विषय काढला तर हमखास येतं. यात फक्त आपल्याला दोष देण्याचं कारण नाही. पुण्या-मुंबईची मंडळीही आता सर्रास 'मी तुला मिस केलं' म्हणतात आणि मराठी मालिकांतल्या नायिकाही म्हणतात. या 'मिस करण्या'वर चर्चा निघाली की लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'आठवण येणे' हा छान मराठी शब्दप्रयोग असताना ही उसनवारी कशाला? दुसरा म्हणतो, भाषा वाहती असते. टेबल चालतं, स्टेशन चालतं, मग 'मिस'नेच काय घोडं मारलंय?

मला दोन्ही पक्षांचं म्हणणं अर्धवट वाटतं. पहिल्याचं यासाठी, की 'मिस' म्हणजे 'आठवण येणे' नव्हे. दुसऱ्याचं यासाठी, की टेबल हा शब्द आला तो त्या वस्तूबरोबर आला. 'मिस' आलं तेव्हा मात्र आपल्या घरात त्या कामाची आठ-दहा क्रियापदं आधीच नांदत होती. ती आता एकेक करून माळ्यावर जाऊ लागली आहेत. मी काही भाषाशास्त्रज्ञ नाही, पोटापाण्यासाठी संगणकाची कामं करतो. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते: चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली साठवून ठेवल्या, तर आज ना उद्या घोटाळा होतो. म्हणून हे 'मिस' जरा उलगडून पाहावंसं वाटलं.

सुरुवातीलाच एक खुलासा. कुमारी या अर्थाचा 'मिस' वेगळा. तो 'मिस्ट्रेस' या शब्दाचा संक्षेप. आपलं क्रियापद त्याहून पुष्कळ जुनं. जुन्या इंग्रजीत ते 'मिस्सन' असं होतं आणि त्याचा अर्थ होता नेम न लागणं. 'मिसअंडरस्टँडिंग'मधला 'मिस' हा उपसर्ग त्याचाच भाऊबंद. भाषातज्ज्ञ तर या घराण्याचं नातं आपल्या संस्कृतातल्या 'मिथ्या'शी जोडतात. म्हणजे पाहुणा वाटतो तितका परका नाही!

बाण निशाणावर लागला नाही, इथून हे क्रियापद निघालं. पुढे हवी ती वस्तू न मिळणं हा अर्थ आला. मग एखादी वस्तू जागेवर नाही हे ध्यानात येणं, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, ती नाही याचं वाईट वाटणं. वाहन चुकणं हा अर्थ तर एकोणिसाव्या शतकातला. आम्हा संगणकवाल्यांकडे मात्र अजून पहिलाच अर्थ चालतो. हवी असलेली माहिती जवळच्या स्मृतिसाठ्यात, म्हणजे कॅशमध्ये, मिळाली तर 'हिट', नाही मिळाली तर 'मिस'. धनुर्विद्येतले शब्द जसेच्या तसे! 'नियर मिस'चंही तेच. त्या शब्दाला पुष्कळजण हसतात, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो रूढ झाला तो निशाण हुकलेल्या, पण अगदी जवळ पडलेल्या बॉम्बसाठी. हुकला खरा, पण जवळून हुकला.

आता या एका क्रियापदाचं काम मराठीत कोण कोण करतं ते पाहा. नेम हुकतो, संधी हुकते, आणि फलंदाजाचं शतक दोन धावांनी हुकतं. झेल मात्र सुटतो. बस चुकते, वाट चुकते. काळजाचा ठोका चुकतो, आणि गंमत म्हणजे इंग्रजीतही हृदय तो ठोका 'मिस'च करतं. शाळेचा तास बुडतो किंवा आपण तो बुडवतो. दूधवाल्याचा खाडा होतो. तो कालनिर्णयच्या चौकोनात मांडून ठेवायचा असतो. औषधाची गोळी घ्यायची राहते. बारीकसारीक गोष्ट नजरेतून सुटते. बोललेलं ऐकू येत नाही, मुद्दा लक्षात येत नाही. फाइल गहाळ होते, माणूस बेपत्ता होतो. अपघातातून आपण थोडक्यात बचावतो. आणि आईच्या मायेला मूल मुकतं.

इंग्रजीत या बहुतेक ठिकाणी 'मिस' चालतं. एका शब्दात इतकी कामं करून घेणं ही त्या भाषेची काटकसर आहे आणि तिचं मला कौतुक वाटतं. पण काटकसरीची किंमतही असते. 'वी मिस्ड ईच अदर' या वाक्याचा अर्थ सांगा पाहू. दोघांची चुकामूक झाली, की दोघांना एकमेकांची ओढ लागली? पुढचं-मागचं ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नाही. मराठीत 'चुकामूक' म्हटलं की स्टेशनच्या दोन टोकांना उभी राहिलेली दोन माणसंच डोळ्यांसमोर येतात, दुसरं काही नाही.

हा दुहेरीपणा कलावंताच्या हाती पडला की काय होतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे केन लोच या ब्रिटिश दिग्दर्शकाचा २०१९ सालचा 'सॉरी वी मिस्ड यू' हा चित्रपट. पार्सल द्यायला आलेल्या माणसाला दार बंद आढळलं की तो जी चिठ्ठी लावून जातो, तिच्यावर हे शब्द असतात. आपल्याकडे अमेरिकेत टपाल खात्याची चिठ्ठीही तेच सांगते: आम्ही आलो होतो, तुम्ही भेटला नाहीत. चित्रपटाचा नायक न्यूकॅसलमध्ये अशी पार्सलं पोहोचवणारा ड्रायव्हर, त्याची बायको घरोघर जाऊन म्हाताऱ्या-आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी. दिवसभर राबणारे हे आईबाप स्वतःच्याच मुलांना 'मिस' होत जातात, दोन्ही अर्थांनी. चित्रपट पाहून झाल्यावर ती चिठ्ठी पुन्हा वाचली की अंगावर येते. या नावाचं मराठी करून पाहा. 'माफ करा, आपली चुकामूक झाली' म्हटलं तर ओढ गेली, 'तुमची आठवण आली' म्हटलं तर पार्सल गेलं. इथे इंग्रजी जिंकली, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

पण एक सामना मराठी जिंकते, आणि तो आपल्या लक्षातही येत नाही. तो म्हणजे दोषाचा. 'आय मिस्ड द बस' या वाक्यात कर्ता मी आहे. मराठीत मी म्हणतो, 'माझी बस चुकली'. व्याकरणाने पाहिलं तर चुकली ती बस! मी मुद्दाम केलं असेल तर त्याला वेगळं रूप आहे: मी चुकवली, मी बुडवला, मी टाळलं. आपोआप घडलेलं आणि जाणूनबुजून केलेलं यांच्यात मराठी क्रियापद भिंत घालतं. 'चुकणे' आणि 'चुकवणे' यांच्यात एका 'व'चं अंतर आहे, पण त्या 'व'मध्ये माणसाची नियत आहे. इंग्रजीत शाळेचा तास 'मिस' करणारा मुलगा आजारी होता की सिनेमाला गेला होता, हे दुसऱ्या वाक्यात विचारावं लागतं.

आता मूळ भांडणाकडे येऊ. माणूस 'मिस' होणं म्हणजे त्याची आठवण येणं का? मला वाटतं, नाही. आठवण कोणाचीही येते. शाळेतल्या मारकुट्या मास्तरांची येते, उसने घेतलेले पैसे न देणाऱ्या मित्राची येते, आणि समोर बसलेल्या माणसाच्याच लहानपणाचीही येते. तिच्यात उणीव असेलच असं नाही. उलट, एक दिवस सकाळचा चहा मिळाला नाही तर आपल्याला चहाची आठवण येत नाही, चुकल्यासारखं होतं. अनंत चतुर्दशीला गणपती पोहोचवून घरी आल्यावर रिकाम्या चौरंगाकडे पाहून कोणी म्हणतं का, गणपतीची आठवण येते? तो तर तासाभरापूर्वी गेलाय. आपण म्हणतो, 'कसं चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.' लग्न होऊन मुलगी सासरी गेली की दुसऱ्या दिवशी घराला जे होतं तेही हेच.

या 'चुकल्यासारखं'कडे नीट पाहा. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात 'भ्रंश्' या धातूच्या जागी येणाऱ्या रूपांत 'चुक्क' दिलं आहे. भ्रंश म्हणजे ढळणं, जागा सोडणं. त्या 'चुक्क'च्या घरातलंच आपलं 'चुकणे'. म्हणजे इंग्रजांचं 'मिस' जसं नेम ढळण्यापासून निघून विरहापर्यंत पोहोचलं, तसंच आपलं 'चुकणे'ही ढळण्यापासून निघून रिकाम्या चौरंगापर्यंत आलं. कोणी कोणाची नक्कल केली नाही. जर्मन भाषेतही 'फेलर' म्हणजे चूक आणि 'दू फेल्स्ट मीअर' म्हणजे तुझी उणीव भासते. तिथेही चूक आणि विरह एकाच घरातले. माणूस जागेवर नाही म्हणजे जगाचंच काहीतरी चुकलंय, असं वाटणं हे सगळीकडचंच असावं.

मी रविवारच्या मराठी शाळेत अधूनमधून मदतीला जातो. तिथे निबंधात एका मुलीने लिहिलं होतं, 'मी आजीला खूप चुकते.' वाचून आम्ही मोठी माणसं हसलो, आणि शिक्षिकेने नियमाप्रमाणे लाल रेघही मारली. वाक्य चुकीचंच आहे, रेघ योग्यच होती. पण त्या मुलीने इंग्रजीतून मराठीत येताना नेमकं जे दार उघडलं, ते खरोखरच आपल्या घरात आहे. तिला फक्त पुढची दोन पावलं दाखवायला हवीत: 'आजी नसली की मला चुकल्यासारखं वाटतं.'

इतर दारंही आहेत. 'करमत नाही' घ्या. त्यात कोणावर प्रेम आहे याचा उच्चारसुद्धा नाही, पण 'तुझ्याशिवाय करमत नाही' म्हटल्यावर आणखी काही सांगायची गरज उरत नाही. 'ओढ' ही पुढे खेचणारी: माहेरची ओढ, गावाची ओढ. 'हुरहूर' ही कशाची ते धड न कळणारी. 'उणीव भासणे' हे सभेतलं, शाल-श्रीफळाच्या वेळचं. आणि 'आठवण' तर दोन तऱ्हांची. एक येते, दुसरी आपण काढतो. येणारी आपल्या हातात नसते. काढायची ती चारचौघांत बसून काढायची, आणि ज्याची काढली त्याला म्हणे तिकडे उचकी लागते. इंग्रजी 'मिस'ला हा भेद ठाऊक नाही.

आणखी एक. 'मला आठवण येते', 'मला करमत नाही', 'मला चुकल्यासारखं वाटतं' या सगळ्या वाक्यांत 'मी' नाही, 'मला' आहे. भावना बाहेरून येऊन आपल्यावर कोसळते, आपण तिचे मालक नाही. 'मिस करणे' म्हटलं की त्या 'मला'चा 'मी' होतो आणि वर 'करणे' चिकटतं. मग ते 'पार्किंग करणे', 'फोन करणे' यांच्या रांगेत जाऊन बसतं, जणू दिवसभरातलं एक काम. इंग्रजीतसुद्धा 'मिस' हे काही ठरवून करायचं काम नाही. म्हणजे 'मिस करणे' ना धड तिकडचं, ना धड इकडचं. 'मिस'बद्दल माझी मुख्य तक्रार त्याच्या परकेपणाची नाही, या 'करण्या'ची आहे.

या शब्दाची अमेरिकन पातळ आवृत्तीही ओळखून असावं. मीटिंगला गैरहजर राहिल्यावर साहेब म्हणतो, 'वी मिस्ड यू यस्टरडे.' नव्याने आलेल्या मराठी माणसाला वाटतं, काय हा जिव्हाळा! पुष्कळदा त्याचा अर्थ असतो, तुम्ही नव्हता हे आमच्या ध्यानात आलंय. हजेरीपटावरची ती सौजन्यपूर्ण फुली असते. उलट दिशेने आपणही या शब्दाशी खेळलोच आहोत. 'मिस्ड कॉल' मुळात चुकलेला फोन. आपण तो 'द्यायला' शिकलो. 'पोचलास की मिस्ड कॉल दे' या वाक्यात चुकणं हेच निरोप पोचवणं झालं, आणि तेही फुकट! बंगळूरच्या झिपडायल या कंपनीने त्यावर धंदा उभा केला आणि २०१५ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. भाषेने शब्द उसना घेऊन त्याला कामाला लावणं म्हणजे काय, ते हे. अशा उसनवारीला माझी ना नाही. 'मिस करणे'ने मात्र आपल्या भाषेला नवं काही दिलं नाही. होतं ते सपाट केलं.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, हे २०२० ने दाखवलं. त्या वर्षी १३ मार्चपासून भारताने ओसीआय कार्डावरचा प्रवास स्थगित केला, महिनाअखेरीपर्यंत नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, आणि ती पूर्ववत सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. मधल्या काळात 'वंदे भारत'ची आणि करारांतली मोजकी विमानं होती. ज्यांना जागा मिळाली ते पोचले. आपल्यातल्या कितीतरी जणांनी आईवडिलांचे अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिले. नंतर ऑफिसात सांगताना काय म्हणायचं? 'आय मिस्ड माय फादर्स फ्युनरल.' व्याकरण तेच, बस चुकल्याचं. कर्ता मी, आणि 'तू नव्हतास' हा ठपकाही त्यातच.

मराठीत हेच सांगताना आपल्या आधीच्या पिढ्या म्हणत, 'वडिलांच्या अंत्यदर्शनाला मुकलो.' 'मुकणे' या क्रियापदात चूक नाही, आळस नाही, विसरभोळेपणा नाही. जे माझं होतं, माझ्या हक्काचं होतं, ते माझ्यापासून हिरावलं गेलं, एवढंच आहे. शब्दाने दुःख हलकं होत नाही हे मलाही कळतं. पण ते दुःख अपराधाच्या खात्यात मांडायचं की वियोगाच्या, हे पुष्कळदा शब्दच ठरवतो. आणि वर्षानुवर्षं आपण मनाशी कुठलं वाक्य बोलतो यावर, काय वागवत राहतो ते ठरतं. ज्यांच्यापाशी 'मुकणे' हा शब्द उरलाच नाही, त्यांना 'मिस'वरच भागवावं लागतं.

म्हणून 'मिस' हाकलून द्या असं मी म्हणणार नाही. मुलांनी आजीला फोनवर 'आय मिस यू' म्हटलं तर आजीला ते समजतं आणि आवडतंही. शिवाय आपल्या मराठी संकोचाला या शब्दाने मोठी सोय करून दिली आहे. दोन मध्यमवयीन पुरुष एकमेकांना 'तुझ्याशिवाय करमत नाही' म्हणायला धजावणार नाहीत. 'मिस यू, यार' सहज म्हणतात. त्यांना म्हणू द्या. माझा आग्रह इतकाच, की 'मिस'च्या शेजारी 'चुकल्यासारखं वाटणं', 'करमत नाही', 'ओढ', 'राहून गेलं' आणि 'मुकणे' ही पाच तरी मुलांच्या कानावर घरात पडत राहावीत. त्यासाठी वर्ग नको, पुस्तक नको. आपण बोललो की झालं.

यात मुलांचा फायदा आहेच, पण खरी गरज वेगळीच आहे. तिकडे असलेल्या आपल्या आईवडिलांपैकी फार थोड्यांच्या तोंडी 'आय मिस यू' येईल. 'तुझी आठवण येते' असंही ती पिढी सहसा म्हणत नाही. ती माणसं विचारतात, 'यंदा येणं होईल का रे?' किंवा सांगतात, 'आंबा यंदा उशिरा आहे, मे अखेरपर्यंत मिळेल म्हणतात.' ज्याच्याकडे एकटं 'मिस' आहे त्याला यात प्रवासाची चौकशी आणि फळबाजाराची बातमी ऐकू येते, आणि तो प्रामाणिकपणे सुट्ट्यांचा आणि विमानाच्या तिकिटांचा हिशोब सांगू लागतो. त्या वाक्यांतलं चुकल्यासारखं वाटणं ज्याला ऐकू येतं, तो आधी म्हणतो, 'आई, मलाही इथे करमत नाहीये गं.' तिकिटांचं मग पुढच्या फोनवर बोलता येतं.